नावाड्याची भुवई

"हा नावाडी कसला, आधार कार्डावरचा फोटो आहे!" हेमांगीने आणखी एक प्रतिक्रिया मोठ्याने वाचली, तसे श्रीरंगने चष्मा काढून डोळे चोळले. या नावाड्याच्या दाढीचे खुंट त्याने चौदा महिने खपून एकेक करून बसवले होते. नावाड्याचा जुना व्हिडिओ गेम नव्या रूपात येणार म्हणून लोक हरखले होते. झलक पाहिली आणि चवताळले.

त्यांना जुनाच नावाडी हवा होता. कार्टूनसारखा, भोपळ्याएवढ्या डोक्याचा, एक भुवई चढवून मिस्कील बघणारा. ती भुवई म्हणजे खरं तर चूक होती. अर्धा चेहरा घडवायचा आणि तोच उलटून दुसरीकडे लावायचा, ही या कामाची रीत. सतरा वर्षांपूर्वी डबा खायला उठताना श्रीरंगचाच माऊसला धक्का लागला, एक भुवई वर सरकली आणि तशीच गेममध्ये गेली. तेव्हापासून ती त्याला सलत होती. या खेपेला त्याने दोन्ही भुवया एका रेषेत आणल्या.

"जुन्या आर्टिस्टला परत बोलवा म्हणतायत," वर्षभरापूर्वीच कंपनीत आलेली हेमांगी म्हणाली. "त्याच्या हातात जीव होता म्हणे. सर, तुम्ही इथले सगळ्यांत जुने. नंबर आहे का त्याचा?"

श्रीरंग सकाळपासून नव्या नावाड्याची एक भुवई वर ओढून बघत होता. दर वेळी तो मिस्कील नाही, आजारी दिसत होता.

"नंबर आहे," तो म्हणाला. "पण तो आता यायचा नाही."