झेंड्याचा दगड
१९ मे १९३०, सकाळी साडेदहा. छापून झालेल्या प्रती सात. सोलापुरात लष्करी कायदा होता आणि राष्ट्रीय झेंड्याला बंदी. कागदावर चित्रे काढणाऱ्या मालतीबाईंनी तोच झेंडा आमच्या शुक्रवार पेठेतल्या सामाईक शिळाछापखान्यात प्रथमच छपाईच्या दगडावर, तेलकट खडूने काढला होता. झडतीला आलेल्या फौजदाराने सातही प्रती जाळल्या आणि हातोडा मागितला. “फोडता कशाला, सायेब? पुसतो की,” छपाईचे मिस्त्री मल्लप्पा म्हणाले. त्यांनी टर्पेंटाइनचा बोळा घासताच दगड कोरा दिसू लागला. फौजदार समाधानाने गेला. “तीन आठवड्यांचं काम तुम्ही पुसलंत!” मालतीबाई कडाडल्या. “निस्ती शाई गेली, अक्का. खडूचं तेल दगडानं पिलंय. ते पुसून जात न्हाय.” मल्लप्पांनी दगड भिजवून शाईचा रूळ फिरवला. ओल्या दगडावर शाई फक्त तेलालाच धरली आणि झेंडा जसाच्या तसा उमटला. मालतीबाईंनी पदर खोचून कागद लावला. संध्याकाळपर्यंत प्रती निघाल्या दोनशे बारा.