रक्ताला काय कळतं

दंडाला रबरी पट्टा आवळला तेव्हा अमृत रडला, पण सुई आत गेल्यावर गप्पच झाला. आपल्याच हातातून नळीत उतरणारं लाल रक्त तो टक लावून बघत राहिला. त्याला मांडीवर घट्ट धरून बसलेली ज्योतीही तेच बघत होती. चमचाभर तर रक्त. चार वर्षांच्या पोराला काय बाधतं, ते एवढ्याशातून कसं कळायचं?

ती आणि तिचा नवरा अजिनाथ पाथर्डीकडून पहिल्या एसटीने नगरला आले होते आणि विचारत विचारत सावेडीतल्या या मुलांच्या दवाखान्यात पोचले होते. गेल्या हंगामात ऊसतोडीच्या तळावर अमृतच्या अंगावर दोन-तीनदा गांधी उठल्या होत्या, ओठ सुजले होते. शेवटच्या खेपेला तर पोराला श्वास घेता येईना. गावी परतल्यावर मात्र पुन्हा काही झालं नाही. उसाचीच बाधा, पाचटाची कूस सोसत नाही पोराला, असं सगळ्या टोळीचं म्हणणं पडलं.

सुई निघाल्यावर ज्योतीने डॉक्टर मॅडमना विचारलंच.

"रक्ताला कसं कळतं म्याडम, पोराला काय सोसत न्हाई ते?"

मॅडमना प्रश्न आवडला असावा. त्यांनी खुर्ची पुढे ओढून समजावून सांगितलं. एखादी साधी वस्तूही शरीराला कधी कधी वैरी वाटते. मग शरीर तिच्यासाठी रक्तात पहारेकरी उभे करतं. दुधाचे वेगळे, अंड्याचे वेगळे, शेंगदाण्याचे वेगळे. ती वस्तू पुन्हा आली की ते पहारेकरी गोंधळ घालतात आणि अंगावर गांधी उठतात. पुण्याच्या प्रयोगशाळेत रक्तातले हे पहारेकरी शोधतात.

"उसाचंबी आसत्यात?"

असू शकतात, मॅडम म्हणाल्या. ऊस म्हणजे गवतच. तेही तपासायला सांगितलंय.

परतीच्या एसटीत ज्योती खिडकीला टेकून स्वतःच्या हाताकडे बघत होती. मनगटापासून कोपरापर्यंत उसाच्या पात्यांनी ओढलेल्या जुन्या रेघा होत्या. आपल्या रक्तात कुणाकुणाचे पहारेकरी असतील? आईबापाबरोबर ती पहिल्यांदा तळावर गेली, तेव्हा अमृतएवढीच होती.

रिपोर्टला आठवडा लागणार होता. त्या आठवड्यात ज्योतीने दारापुढे वाल टोकला. वालाला शेंगा धरतात पौषात, आणि पौषात सगळे ऊसतोडीला गेलेले, त्यांच्या आळीत घराघराला कुलपं असतात. सासू कडूबाईने विचारलं, या शेंगा कोण खाणार? ज्योती वरची माती सारखी करत राहिली. उसाची बाधा निघाली तर अमृतला तळावर नेता येणार नव्हतं. पुन्हा श्वास अडकला तर त्याला घेऊन एकट्या कडूबाईला दवाखाना गाठता आला नसता, म्हणजे ज्योतीलाच मागे राहावं लागणार होतं. मग अजिनाथच्या जोडीने कोयत्याला कडूबाईला उभं राहावं लागलं असतं, त्या दुखऱ्या गुडघ्यांनी. हे तिघांनाही माहीत होतं.

अंगणवाडीच्या ताईकडेही ज्योती जाऊन आली. दिवाळीनंतर पोरं येतात का, एवढंच तिने विचारलं.

रात्री देवापुढे हात जोडले की तिला काय मागावं ते कळेना. पोराला काही निघू नये, असं म्हणायला जायची आणि मध्येच थांबायची.

रिपोर्टच्या दिवशी तिघं पुन्हा सावेडीला आले. मॅडमनी कागद पाहिला आणि म्हणाल्या, "अंडं."

ज्योतीला पटेना. घर माळकरी. चुलीवर कधी अंडं चढलेलं नाही, मग पोराने खाल्लं कुठे? मॅडम म्हणाल्या, म्हणूनच विचारते, एकट्या रक्तावर मी काही ठरवत नाही. तळावर काय खायचा हा?

अजिनाथने मान खाली घातली. मग हळूहळू सांगितलं. शेजारच्या पाचटाच्या कोपीतल्या साळूबाईने कोंबड्या पाळल्या होत्या. पोरगं अंगाने बारीक, म्हणून ती अधूनमधून त्याला अंडं उकडून द्यायची. अजिनाथला ते माहीत होतं. पोराच्या अंगी लागेल म्हणून त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

श्वास लागला त्या दिवशी? मॅडमनी विचारलं.

"त्या दिशी मीच भरवलं," अजिनाथ म्हणाला.

मग मॅडमनी सगळं नीट सांगितलं. अंडं अजिबात द्यायचं नाही, केकसुद्धा नाही, आणि लिहून दिलेलं औषध कायम जवळ ठेवायचं. मोठेपणी पुष्कळ मुलांचं हे जातं, तेव्हा पुन्हा रक्त तपासू. आणि उसाचं मनातून काढून टाका, गवताचं काहीच निघालेलं नाही. पोराला खुशाल बरोबर न्या.

अजिनाथच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. त्याने दोन्ही हात जोडले, अमृतला कडेवर घेतलं, पिशवी उचलली आणि तो दाराकडे निघाला.

ज्योती उठली नाही. टेबलावरच्या कागदाकडे बघत ती हलक्या आवाजात म्हणाली,

"म्याडम, तवा रक्त लई थोडं घेतलं हुतं. उसाचं कळायला कमी तर पडलं नसंल ना?"

अजिनाथ दारातच थांबला. त्याने वळून बायकोकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग हातातली पिशवी त्याने खाली ठेवली.