शाहिराचं अक्षर

खडू आकारामच्या हातात होता आणि सगळ्या बायका फळ्याकडं बघत होत्या.

"लिहा की, शाहीर," क्रांती म्हणाली. नेसरीजवळच्या या गावात साक्षरता वर्ग तीच चालवायची. "गाण्याची पहिली ओळ तुमच्या अक्षरात राहू दे. आम्ही ती पुसणार नाही."

साल होतं त्र्याण्णव. शाहीर आकाराम कांबळेचं गाणं तेव्हा जिल्हाभर वाजत होतं. कॅसेटवर होतं, जीपच्या कर्ण्यावर होतं, शेतात तण भांगलणाऱ्या बायकांच्या तोंडी होतं.

पुसून टाक गं बाई, अंगठ्याची शाई,
तुझं नाव लिवायला दुसरं कुणी न्हाई.

ते ऐकूनच या बायका दुपारच्या वर्गाला यायला लागल्या होत्या. म्हणून आज त्याचा सत्कार होता. नारळ देऊन झाला, फेटा बांधून झाला. आता एवढी एक ओळ राहिली होती.

आकारामनं खडू फळ्याला टेकवला. हात तिथंच थांबला. शाहीर काहीतरी नवीन जुळवतोय असं वाटून एकीनं बाकीच्यांना गप्प केलं.

सातव्या वर्षापासून तो बापाबरोबर खडी फोडत होता. पहिलं गाणं तिथंच, हातोड्याच्या ठेक्यावर जुळलं. पुढं तो म्हणायचा आणि लेक दीक्षा वहीत उतरवून घ्यायची. या उन्हाळ्यात दीक्षा लग्न होऊन राधानगरीकडं गेली. त्यानंतरची गाणी त्याच्या डोक्यातच होती. दोन तर विसरूनही गेली.

चष्मा घरी राहिला, असं सांगता आलं असतं. आजवर तेच सांगत आला होता. पण समोर केस पिकलेल्या बायका मांडीवर पाटी घेऊन बसल्या होत्या. त्यांच्यापुढं ते ओठावर येईना.

तो वळला. "बायांनो, मला लिवाय येत न्हाई."

क्रांतीला आधी थट्टाच वाटली. मग तिनं त्याचा चेहरा बघितला.

मागून एक आक्का कडाडली, "मग आमास्नी शिका म्हणून का सांगत फिरलासा?"

"न शिकल्यावर काय हुतंय, ते मला ठावं हाय म्हणून, आक्का."

मग पुढच्या रांगेतली तानाबाई गुडघ्यावर हात देत उठली. साठी उलटलेली बाई. तिनं त्याच्या हातातला खडू घेतला.

"तुमी म्हणा. मी लिवतो."

तो एकेक शब्द म्हणत गेला, ती काढत गेली. 'अंगठ्याची'पाशी ती अडली, तेव्हा चारजणींनी बसल्या जागेवरून सांगितलं. ओळ वर चढत, खाली उतरत फळ्याच्या कडेला पोचली. आपलं गाणं दिसतं कसं, ते आकाराम डोळे भरून बघत राहिला.

"ह्यात माझं नाव कुठं यील?" त्यानं हळूच विचारलं.

"खाली. पर ते तुमचं तुमी लिवायचं."

तानाबाईनं खडू परत त्याच्या बोटांत दिला आणि त्याच्या मुठीवर आपली मूठ धरली. खडू फळ्यावर थरथरला.

"लाजू नगा, शाहीर," ती म्हणाली. "तुमचं गाणं ऐकून मी हितं आलो, तवा माझाबी हात असाच कापत हुता."