धुऱ्याची ओळ

यंत्र धुऱ्यालगतच्या, बांधाकडच्या ओळीला लागलं आणि मुकं झालं.

"आता?" उत्तमरावानं विचारलं.

प्रणालीनं कानावरचे हेडफोन सारखे केले, पुढच्या झाडापाशी गेली, त्याच्या पुढच्या. "काहीच नाही, काका. सगळी बाग टिकटिक करतेय. ही ओळ तेवढी गप्प."

"सापडला लेकाचा!" उत्तमरावानं मांडीवर थाप मारली.

प्रणाली अकोल्याहून यायची, झाडांवर संशोधन करायची. तहानेलं झाड बारीक टिकटिक करतं, आपल्या कानाला ती येत नाही, यंत्राला येते, असं तिनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा उत्तमराव खो खो हसला होता. "झाडं बोलाले लागली तं मानसायनं का कराव वो बाई?" पण या यंत्राचा आपल्याला काय उपयोग, हे त्याच्या डोक्यात बरोबर शिरलं.

मोर्शीकडच्या माणसाला सांगायला नको, संत्र्याला फूल पाहिजे तर आधी पाणी तोडावं लागतं. झाड तहानेनं कासावीस झालं, पानं मुरडली, गळाली, की मग पाणी सोडायचं. त्याला ताण देणं म्हणतात. मधेच कोणी पाणी पाजलं की ताण मोडला, बहार गेला, वर्ष पाण्यात.

आणि धुऱ्यापलीकडे गव्हाला पाणी देत होता सहदेव. सख्खा धाकटा भाऊ. वाटणी झाल्यापासून दोघांमध्ये विस्तव जात नव्हता. सहदेवचं पाणी झिरपून येऊ नये म्हणून उत्तमरावानं दिवाळीतच धुऱ्याला जेसीबी लावला आणि झाडांच्या बुडाला लागून छातीइतकी खोल नाली काढली. तरी ही ओळ वेगळीच. बाकी झाडांनी खाली पानांचा सडा घातला होता, या ओळीनं एक पान टाकलं नव्हतं. ओळ बापाच्या हातची. म्हणून तर उत्तमरावाचा जीव जास्त जळत होता.

"यंत्र एवढंच सांगतं, काका, की या झाडांना तहान नाही," प्रणाली म्हणाली. "का नाही, ते मात्र..."

"ते मले माईत हाय!"

सुभद्रा, त्याची बायको, चहा घेऊन आली. चहाला चुलीचा वास होता. "घ्या वो ताई. औंदा जळतनाची फिकीर नाई, म्हनून दिवसभर चहाच चालू हाय आमचा."

दुपारी उत्तमरावानं पोलीस पाटील ओमप्रकाशला आणि गावातल्या चार लोकांना धुऱ्यावर बोलावलं. एकेकाच्या कानाला यंत्र लावलं. आधी बागेतली टिकटिक, मग धुऱ्याची शांतता. लोकांनी माना डोलावल्या. सहदेवला बोलावणं गेलं.

"मायच्यान, दादा, एक थेंब नाई सोडला मी," सहदेव म्हणाला.

"मंग हे झाडं का देवानं पाजले?"

"जरा नख लावून पाह्य ना सालीले. मले त्यायचा रंग बरा नाई दिसून राहिला."

"तू मले झाड शिकवतं? माह्या झाडाले हात लावशीन तं हात तोडीन!"

प्रणाली काही बोलायला गेली. "काका, हा अजून प्रयोगच आहे..."

"यंत्र बोललं तेवढं बस झालं, बाई. तू मधात नको पडू."

ओमप्रकाशनं निवाडा दिला. उत्तमरावाचा बहार निघेपर्यंत सामाईक विहिरीवरची सहदेवची मोटर बंद.

सहदेवचा चेहरा पडला. "गहू ओंबीवर हाय, दादा. आता पानी नाई भेटलं तं दाना भरत नाई."

"माह्या बहाराचं वाटोळं करतानी सुचलं नाई तुले?"

सहदेवनं मोटरच्या पेटीची किल्ली काढली आणि भावाच्या पायाशी फेकली. "घे. आजपासून मी तुले मेलो, आन तू मले."

"बरं झालं, पीडा गेली," उत्तमराव म्हणाला. त्याला खरंच तसं वाटलं.

गहू उभ्या उभ्या पांढरा पडला. येता-जाता उत्तमराव तो पाहायचा आणि मुद्दाम मोठ्यानं खाकरायचा. वेळ झाल्यावर त्यानं आपल्या बागेचा ताण तोडला, पाणी सोडलं. बाग अशी फुलली की वासानं डोकं जड व्हावं. धुऱ्याच्या ओळीला मात्र एक कळी नाही. पानं खाकी होऊन फांदीलाच चिकटून बसली होती. "पानी पिऊ पिऊ सडली," तो सगळ्यांना सांगत सुटला. आता सहदेवचं विहिरीचं पाणी कायमचं तोडायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं आणि ओळीचे फोटो काढायला प्रणालीला बोलावून घेतलं.

प्रणालीनं फोटो काढला नाही. तिनं खोडाला नख लावून साल खरडली. आत कोरडं, तपकिरी. दुसरं झाड, तिसरं झाड, तसंच.

"काका, ही मेलीत. आजची नाही, मी पहिल्यांदा यंत्र लावलं तेव्हाच मेलेली असणार. मेलेल्या झाडाला तहान नसते. आणि पान गाळायलासुद्धा झाड जिवंत लागतं."

उत्तमरावाच्या तोंडचं पाणी पळालं. मग तो धुऱ्याकडे तोंड करून ओरडला, "इख टाकलं रे यानं! माह्या बापाची झाडं मारली भडव्यानं!"

प्रणाली नालीत उतरली. झाडांच्या बाजूची माती हातानं चाचपत ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि वर पाहून तिनं विचारलं, "काका, या बाजूची मुळं कुठं गेली?"

चहा घेऊन आलेल्या सुभद्रानं ते ऐकलं.

"मुळ्या? त्या जेसीबीनं निंगाल्या न वो ताई दिवाळीत, बंडीभर. तेच तं जाळून राहिलो आमी चुलीत."