कोरा रकाना

"आई, याही आठवड्यात तुमच्या रकान्यात एकसुद्धा खूण नाही," ती म्हणाली आणि हातातला खडू फळ्याच्या कडेवर ठेवला.

सासूबाई जेवणाच्या टेबलाशी बसून डाव्या हातानं मुलाच्या शर्टाला बटण लावत होत्या. "राहून गेलं गं," त्या म्हणाल्या.

"तीनच तर कामं आहेत. सकाळी वीस मिनिटं चालायचं, गुडघ्यांचे व्यायाम करायचे आणि दुपारी तासभर पडायचं."

"वेळच मिळाला नाही."

यावर नवरा आणि लेक हसतील असं तिला वाटलं होतं. पंचाहत्तरीच्या, दिवसभर घरात असणाऱ्या बाईला वेळ मिळत नाही! पण नवरा नखं बघत होता आणि लेक फोनमध्ये डोकं घालून बसली होती. शेवटी ती एकटीच हसली, आणि ते हसूही दमलेलंच होतं.

दर रविवारी सकाळी दहाला स्वयंपाकघरातल्या या फळ्यासमोर घर जमायचं. चौघांचे चार रकाने. ज्यानं काम केलं त्यानं खडूनं खूण करायची, एवढाच नियम. पद्धत तिचीच. ती एका रुग्णालयात नर्सच्या पाळ्या लावायची. सत्तेचाळीस नर्स, तीन पाळ्या. एकीला ताप आला की अख्खा तक्ता ढासळायचा, आणि तो ती पुन्हा उभा करायची. जे तिथं जमतं ते चार माणसांच्या घरात का जमू नये?

पहिले दोन रविवार भांडणातच गेले होते. फळा जवळपास कोराच. ती इतकी ओरडली होती की शेवटी तिलाच रडू फुटलं. "मी एकटीनं कुठंकुठं मरायचं?" सासूबाईंनी पाण्याचा पेला पुढं केला होता.

तिसऱ्या रविवारी मात्र घर सुतासारखं सरळ आलं. नवऱ्याची इस्त्री, कचरा, बाथरूम. लेकीच्या कुंड्या आणि भांडी. तिच्या स्वतःच्या भाज्या, चादरी, औषधांच्या डब्या. सगळीकडे खुणा, सगळ्या डावीकडे झुकलेल्या, सगळ्या नीटस. तेव्हापासून एकही आठवडा चुकला नव्हता. आपल्या कामांपैकी कुठलं कधी उरकलं, हे तिला आठवायचं नाही. पण दमलेल्या माणसाला सकाळी दात घासलेलेही आठवत नाहीत. खूण होती, म्हणजे काम झालं होतं.

एका सासूबाईंचाच काय तो हट्ट. गुरुवारी डॉक्टरांनी त्यांचे गुडघे दाबून पाहिले, तर टम्म सुजलेले. "विश्रांती द्या म्हणून तीन महिने सांगतोय," ते तिच्याकडे बघून म्हणाले होते. "घरात लक्ष देणारं कुणी नाही का?" हे तिच्या जिव्हारी लागलं होतं. करून सवरून बोल मात्र तिच्याच पदरात.

"ताईंकडे जाऊन राहा तुम्ही," ती आता म्हणाली. ताई म्हणजे नणंद. ती दिवसभर घरीच असायची. "त्या तुम्हाला जागचं हलू देणार नाहीत. नोकरी सांभाळून तुमच्यामागं धावणं माझ्यानं होत नाही, आई. खरंच होत नाही."

सासूबाईंनी दातानं दोरा तोडला. "इथंच राहिले तर नाही का चालणार? तिकडं मला करमत नाही गं. माझं सगळं इथं आहे."

त्या आवाजातली अजिजी ऐकून तिला कसंतरीच झालं. "मग निदान खुणा तरी करा," ती जरा मऊ होऊन म्हणाली. "डॉक्टरांना दाखवायला."

"केलं नाही त्याची खूण कशी करू?"

लेकीनं फोन खाली ठेवला. "आई, अगं पण आजी..."

"तू मध्ये बोलू नकोस."

नवरा खाकरला. "अजून एखादा आठवडा बघूया का?"

"का? त्या आठवड्यात काय वेगळं होणार आहे?"

तो पुन्हा नखं बघू लागला. सासूबाईंनी शर्टाची घडी करून त्याच्यापुढं ठेवली. "जाते मी," त्या म्हणाल्या. "माझ्यापायी तुमच्यात वाद नको."

संध्याकाळी नणंद येऊन त्यांना घेऊन गेली. त्यानंतर तिनं ओल्या फडक्यानं फळ्यावरचा चौथा रकाना पुसला. वाईट वाटलं, हलकंही वाटलं. उरलेले तीन रकाने तिनं नव्यानं आखले. आता ते चांगले ऐसपैस झाले होते.

तो आठवडा फार वाईट गेला. तापाची साथ आली, अकरा नर्स रजेवर गेल्या आणि पाळ्या लावता लावता तिच्या नाकी नऊ आले. घरी आली की ती नेहमीसारखी हातपाय धुऊन आडवी व्हायची. घर जरा विस्कटल्यासारखं दिसलं. पण घरातलं माणूस हललं की असं व्हायचंच, म्हणून तिनं मनाची समजूत घातली. फळा वाचायचा तो रविवारी.

रविवारी दहाला ती फळ्यासमोर उभी राहिली. नवऱ्याच्या रकान्यात एकच खूण होती, उजवीकडे झुकलेली. तशी खूण तिनं या फळ्यावर कधी पाहिली नव्हती. लेकीच्या रकान्यात दोन. एका आठवड्यात सगळी शिस्त धुळीला मिळाली होती. तिचं डोकंच फिरलं.

"लाज नाही वाटत?" ती दोघांकडे वळून म्हणाली. "मी दिवसभर तिथं राबून इथलं माझं काम चोख करते. तुम्हाला एवढंही होत नाही?"

लेकीचे डोळे भरून आले होते आणि ती आईकडे नाही, आईच्या मागे फळ्याकडे बघत होती.

"हे बघा, असं असतं काम," म्हणत तिनं स्वतःच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि मग वळून पाहिलं. भाज्या, चादरी, औषधांच्या डब्या. सोमवारपासून शनिवारपर्यंत तिथं एकही खूण नव्हती.