उजवीकडे दीड इंच

"वाक पुढे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मुलगी वाकली. इस्पितळाच्या झग्याच्या मागच्या नाड्या सुटल्या आणि उजवीकडची पाठ आत उशी कोंबल्यासारखी वर आली. आईने तोंडावर हात धरला.

डॉक्टरबाईंचा आवाज चढला. "बासष्ट अंशांचा बाक आहे कण्याला. पंधरा वर्षांची मुलगी! घरात कुणाला डोळे नव्हते का?"

"कपड्यांत कधी दिसलंच नाही हो," आई म्हणाली. "तिचे सगळे कपडे हेच शिवतात. परवा शाळेच्या संघाचा तयार शर्ट घातला, तर एका बाजूला ओढला गेला. मी दुकानदारालाच चार शब्द सुनावून आले."

हे म्हणजे तिचा नवरा, शिंपी. गावभर ज्याच्या कात्रीचं नाव होतं असा. तो खुर्चीच्या कडेवर, मांडीवर पिशवी ठेवून बसला होता.

"बाक वर्षाला किती वाढला हे कळायला हवं होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण जुना एकही एक्स-रे नाही."

"वही आहे," मुलगी म्हणाली. "मापांची. बाबांच्या पिशवीत."

शिंप्याने पिशवी छातीशी धरली. मुलीने ती हिसकावून घेतली.

वही नीटनेटकी होती. मुलीच्या नावाचं वेगळं पान, दर वर्षाची वेगळी ओळ, खांद्यापासून कमरेपर्यंत डावं-उजवं अशी दोन मापं. अकराव्या वर्षी उजवीकडे पाव इंच जास्त. बाराव्या वर्षी अर्धा, मग एक, मग दीड. शेजारी बारीक अक्षरात: डाव्या बाजूला कापसाची गादी, चुणी उजवीकडे.

"तुम्हाला ठाऊक होतं," आई म्हणाली. मग ओरडलीच, "चार वर्षं ठाऊक होतं तुम्हाला! आणि मला कशासाठी ते न सांगता कापूस निवडायला बसवत होतात?"

"चारचौघांत हिला कुणी हसू नये म्हणून..." शिंपी पुटपुटला. "कुणाला कळलं का सांगा? एकाला तरी?"

मेल्याला त्यातही कौतुक हवं होतं.

"मलाही नाही कळलं," मुलगी म्हणाली. "पाठ दुखायची तर तुम्ही म्हणायचात, दप्तर जड आहे."

डॉक्टरबाईंनी वही मिटली. "अकराव्या वर्षी आणली असती, तर पाठीला पट्टा बांधून भागण्याची शक्यता होती. आता पाठ उघडून स्क्रू घालायचे, दोन सळया बसवायच्या. मज्जारज्जूला धक्का लागला तर पाय जाऊ शकतात. हे सांगणं माझं काम आहे. या संमतीच्या कागदावर खाली सही करा."

शिंप्याने पेन उचललं. मुलीने कागद त्याच्या पुढून ओढला आणि आईसमोर ठेवला. आईने सही केली.

पुढची तपासणी समोरच्या इमारतीत होती. मधला व्हरांडा माणसांनी भरलेला. मुलगी दाराशी गेली. तो ढगळ झगा कुणाच्याच मापाचा नव्हता. एका खांद्यावरून घसरला होता, पाठीवर वाकडा ताणला होता. शिंप्याचा हात सवयीने पुढे झाला. त्याने खांदा वर ओढला, मागची चुणी चिमटीत धरली.

मुलीने त्याचा हात झटकला.

"सोडा. दिसू दे."

आणि ती गर्दीत शिरली.