धुक्यातली पाचवी गाडी

त्या सकाळी धुकं असं दाटलं होतं की हातभर पुढचं दिसत नव्हतं. इंजिनिअर बाई शेवटच्या व्हॅनमध्ये मांडीवर स्क्रीन घेऊन बसल्या होत्या. सगळ्यात पुढची व्हॅन त्यांचा धाकटा भाऊ चालवत होता. चालत्या गाड्यांचा बिनतारी गट बांधायचा, म्हणजे पुढच्या गाडीने ब्रेक लावला की मागच्या आपोआप थांबतील, याची ती चाचणी होती. गटात चार व्हॅन होत्या.

स्क्रीनवर मात्र पाच ठिपके होते. पाचवा भावाच्याही पुढे.

"अरे, तुझ्यापुढे कोण आहे?" त्यांनी वायरलेसवर विचारलं.

"कोणी नाही, ताई. नुसतं धुकं."

त्यांनी तो ठिपका गटातून काढून टाकला. तो परत आला. पुन्हा काढणार, तोच तो जागच्या जागी थांबला आणि चारही व्हॅन करकचून थांबल्या.

भाऊ वायरलेस हातात घेऊन खाली उतरला.

"ताई, पूल नाहीये गं. माझ्या चाकापुढे पूलच नाहीये."

त्या धावत गेल्या आणि त्याला घट्ट धरून उभ्या राहिल्या. तो हसत होता की रडत होता, त्यालाच कळत नव्हतं. बाईंच्या जिवात जीव आला.

परत येऊन पाहतात तर तो ठिपका मागे वळलेला. चारही व्हॅन ओलांडून तो आल्या वाटेने निघून गेला. रस्त्यावरून काहीच गेलं नाही.

मग मागच्या धुक्यातून एकामागून एक ब्रेक लागल्याचे आवाज येऊ लागले. ट्रक, बस, टेम्पो. त्या चार व्हॅनखेरीज आपोआप ब्रेक लावणारं ते यंत्र अजून कुठल्याच गाडीत बसवलेलं नव्हतं.